कपाळाला लावायचं औषध

अमरावतीच्या बाजारात आमचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा आणि वर ताडपत्री. शेत बडनेऱ्याच्या पलीकडे. तिथे वडील आणि मोठा भाऊ झेंडू-शेवंती पिकवतात आणि मी विकतो. मी ओट्यावर मांडी घालून बसतो, गिऱ्हाईक समोर उभं असतं. त्यामुळे माझ्या डोक्याचं काय चाललंय ते माझ्याआधी गिऱ्हाइकांना कळलं. नेहमी हार नेणारी एक बाई एकदा पिशवी उघडता उघडता म्हणाली, "दादा, मागच्या दिवाळीले तुमचं कपाळ एवढं मोठं नव्हतं."

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण घरी जाऊन मी लग्नाचा फोटो काढला आणि आरशासमोर धरला. दोन्ही बाजूंनी केस मागे सरकले होते, मधे एक चिंचोळी पट्टी तेवढी पुढे उरली होती. लग्नाला फार वर्षंही झाली नव्हती. मी खरंच हादरलो. रोज भांग पाडणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याचंच मला जास्त वाटलं.

कातडीच्या डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल लिहून दिलं. पाण्यासारखं पातळ औषध, सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने कपाळाच्या कडेला सोडायचं आणि बोटाने पसरायचं. पहिल्या काही आठवड्यांत केस यायचे सोडून जास्तच गळायला लागले. टॉवेलवर केस, उशीवर केस. धावत गेलो तर डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला असं होतं, सोडू नका." सोडलं नाही. पुढे हळूहळू कडेला बारीक लव दिसू लागली. बायको जवळ येऊन निरखून म्हणाली, "येऊन राहिले वाटते." त्या दिवशी मी दुकानात टोपी न घालता बसलो.

याच दिवसांत आमची मुलगी बसायला लागली होती. दुपारी बाजार थंडावला की मी घरी जायचो आणि मग ती माझीच. खांद्यावर घेतली की दोन्ही मुठींनी माझे केस धरून ठेवायची. खाली उतरवली की त्याच मुठी तोंडात. दुपारची झोप माझ्या छातीवर, तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली, गाल कधी माझ्या कपाळाला टेकलेला. नाहीतर माझ्याच उशीवर लोळायची.

तिचं जावळ अकोल्याला, जुन्या शहरात माझ्या सासरी काढायचं ठरलं. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं म्हणून आम्ही आदल्या दिवशीच गेलो. सकाळी सासूबाई न्हाणीत पाय पसरून बसल्या आणि नातीला पायांवर पालथी घेतली. मी दाराशी टॉवेल घेऊन उभा होतो. पाणी ओतता ओतता त्यांचा हात थांबला.

"काहून वं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोरीच्या पाठीवर एवढे केस कधीपासून आहेत?"

"जन्माची लव असन, माय. जाईन."

"लव अशी नसते. तू ये अन पाह्य."

मीही वाकून पाहिलं. मानेपासून कमरेपर्यंत काळे, मऊ केस, ओले होऊन पाठीला चिकटलेले. मांड्यांवरही होते. रोज आम्हीच तिला अंघोळ घालत होतो, रोज कपडे बदलत होतो. डोळ्यांसमोर हळूहळू वाढलं म्हणून आम्हाला ते दिसलंच नव्हतं. सासूबाई महिन्या-दोन महिन्यांनी पाहत होत्या, त्यांना एका नजरेत दिसलं.

पाहुणे जमले तशी बातमी घरभर झाली. एक मावशी हसून म्हणाली, "बापाचे गेले ते लेकीले आले." सगळे हसले, मीही हसलो. मग न्हावी आला. मामाच्या मांडीवर मुलगी रडत होती, वस्तरा चालला होता. मागची बाजू झाली, वरची झाली. कपाळाकडे आला तेव्हा तो थबकला. केस कपाळावरून, कानशिलांवरून सरळ भुवयांपर्यंत उतरले होते.

"भाऊ," त्याने मला विचारलं, "इथं थांबू का अजून खाली घेऊ?"

माझ्या सहा-सात महिन्यांच्या मुलीचं डोकं कुठे संपतं आणि कपाळ कुठे सुरू होतं, हे न्हावी मला विचारत होता. शेवटी सासरेच म्हणाले, "थांब तिथंच." डोक्यावरचे केस गेल्यावर चेहऱ्यावरचे आणखी उठून दिसायला लागले. बायकोने तिला पदराखाली घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. जेवायला ती बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्यातल्याच बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिला उलटसुलट करून तपासलं, आईने काही गोळ्या घेतल्या होत्या का ते विचारलं आणि रक्ताच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. मूत्रपिंडावर एक ग्रंथी असते, ती बिघडली तर असं होऊ शकतं, असं ते म्हणाले. मी विचारलं, "बिघडली म्हणजे?" ते म्हणाले, "क्वचित गाठ असू शकते. आधी पाहू तर."

गाठ हा शब्द ऐकल्यावर पुढचं मी काही ऐकलं नाही. एवढ्याशा हातात सुई घालताना तिची शीर सापडेना. मी तिचा दंड धरून उभा होतो आणि बायको भिंतीकडे तोंड करून.

सगळे रिपोर्ट चांगले आले. सोनोग्राफीत काही नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, पण केस तर वाढतच होते, आणि आता त्यांना कारणही उरलं नव्हतं. अमरावतीला परतलो. माझ्या आईने बेसन-दुधाने चोळून पाहिलं, मुलीची कातडी लाल झाली, मी ते बंद करायला लावलं. मग हार्मोन्सच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला.

बाईंनी फाईल चाळली, मुलीला पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या वर.

"घरात केसांना औषध कोण लावतं?"

मला वाटलं, विषय बदलला. मी म्हणालो, "मी लावतो जी. पण तिले काहीच नाही लावत."

"मुलगी तुमच्याजवळ असते?"

"दुपारभर."

मग त्या एकेक विचारत गेल्या. खांद्यावर घेता का? केस धरते का? हात तोंडात घालते का? तुमच्या उशीवर झोपते का? मी हो, हो म्हणत गेलो, आणि प्रत्येक 'हो'बरोबर मला खुर्चीत बसणं अवघड होत गेलं. त्यांनी मला दोष दिला नाही. म्हणाल्या, "तुमच्या डोक्याचं औषध तिच्या अंगात गेलंय. तान्ह्या मुलांची कातडी पातळ असते. असं क्वचित होतं, पण होतं. हे औषध मुळात रक्तदाबाचं, म्हणून तिचं हृदयही एकदा पाहून घेऊ."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला फक्त विश्वास बसत नव्हता, मलाही नाही. बाटलीवर लिहिलेलं सगळं मी वाचलं होतं, पण ते माझ्या डोक्याबद्दल आहे असं समजून.

हृदय ठीक निघालं. घरी येऊन बाटली मोरीत रिकामी केली, डोकं साबणाने पुन्हा पुन्हा धुतलं, उशांचे अभ्रे, चादरी, माझे सदरे उकळत्या पाण्यात टाकले. तरी मला माझ्या डोक्याचा भरवसा वाटेना. मी मुलीपासून लांब बसायला लागलो. ती मला पाहून हात पसरायची आणि मी उठून बाहेर जायचो.

आई म्हणाली, "लेकरू रडून राहिलं, घे ना तिले."

"नको. राहू दे."

शेवटी बायकोनेच एका दुपारी तिला उचललं आणि माझ्या मांडीत आणून ठेवलं. "बाईनं सांगितलं ना, बंद केलं की काही होत नाही. तुमचं डोकं धुवून धुवून सोलून निघालं. घ्या आता." मी घेतलं. मुलीने लगेच केसांकडे हात नेला. मी तिचा हात धरला, मग सोडला.

तिच्या अंगावरचे केस जायला काही महिने गेले. आधी कपाळ मोकळं झालं, मग मांड्या, पाठ सर्वांत शेवटी. अंघोळ घालताना बायकोच्या ओल्या तळव्याला बारीक केस चिकटायचे आणि ती तळवा मला दाखवायची. माझे केसही गेले, औषधाने आलेले आणि त्याआधीचेही. कातडीच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "यापुढे मी प्रत्येकाला विचारीन, घरात लहान मूल आहे का."

आमच्या ओट्याशेजारी नारळ विकणारे एक काका बसतात. एकदा बोलता बोलता कळलं, तेही हेच औषध लावतात. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. "माह्या घरी कुठं आहे तान्हं लेकरू?"

पुढे त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. पेढे घेऊन ते माझ्या ओट्यावर आले, एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

"तू ते खरंच सांगितलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"खरंच जी."

त्यांनी पेढ्यांचा डबा बंद केला, टोपी काढून डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि तो हात लगेच धोतराला पुसला.