साडूचं बेटावरचं झुडूप

झुडपासाठी घरातला सोफा विकणारा माणूस अख्ख्या शारजात एकच निघेल, आणि तो माझा साडू आहे. अल मजाजच्या त्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या जागी कुंडी असते आणि पाहुणे सतरंजीवर. हे गुडघ्याएवढं झुडूप कुठल्याशा बेटांवरच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं, बारा महिने हिरवं राहतं आणि फुललं की घर दरवळतं, असं त्याला नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. त्याचं लॅटिन नाव साडूशिवाय कोणाला उच्चारता येत नाही. बेटावर हवा दमट, म्हणून घरातले सगळे ओले कपडे झुडपाभोवती वाळत घालायचे, असा त्याने नियमच काढला. आम्ही अल कुसैसच्या आमच्या घरून जेवायला गेलो की बनियन आणि टॉवेल बाजूला सारून ताटं मांडावी लागत. एसी सव्वीसच्या खाली न्यायचा नाही. मी एकदा रिमोट उचलला तर शांतपणे म्हणाला, "हबीबी, तुला गरम होत असेल तर खाली मॉलमध्ये जाऊन बस. ते कुठे जाणार?" सुट्टीत तो गावी गेला की कुंडी माझ्या घरी येई, आणि व्हिडिओ कॉलवर मला एकेका पानाची मागची बाजू दाखवावी लागे.

एवढं करूनही ते कित्येक वर्षं फुललं नाही. यंदा उन्हाळ्यात मात्र कळ्या धरल्या, तेव्हा साडूची आई गुहागरहून व्हिजिट व्हिसावर आली होती. वास घेतल्याशिवाय तुला परत पाठवत नाही, असं त्याने तिला सांगून ठेवलं. व्हिसा संपत आला होता आणि कळ्या मिटलेल्याच होत्या, त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता.

एका सकाळी ऑफिसला जाताना, झाडाला गीझरचं पाणी घाल, असं तो आईला सांगून गेला. उन्हाळ्यात इथल्या गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की थंड नळाला चटके देणारं पाणी येतं. म्हणून आम्ही सगळे गीझर बंद करून ठेवतो, आणि त्यात साठून निवलेलं पाणी गरम नळाने घेतो. आईंना हे कुठून माहीत असणार? पोरगा घाईत चुकून बोलला असं समजून त्यांनी थंड नळाखाली झारी भरली. दुपारी पानं मलूल दिसली, तेव्हा बिचारं तहानलं असेल म्हणून आणखी एक झारी घातली.

संध्याकाळी मेहुणीने मला बोलावून घेतलं, कारण नवऱ्याला आवरायला कोणीतरी हवं होतं. एका पानाला धक्का लागला म्हणून एसीवाल्याशी तासभर भांडलेला माणूस तो. साडू आला. फरशीवर कळ्या पडल्या होत्या. त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स डेड."

"काय म्हणते रे ही?" आईंनी विचारलं.

साडू खाली बसून कळ्या वेचायला लागला. "म्हणते, आजीने छान पाणी घातलं. कळ्या गळल्या की ते जोमाने फुटतं, आई. तसंच असतं त्याचं."

आई परत गेल्या. झुडूप काही फुटलं नाही. परवा मी तिथे असताना त्यांचा फोन आला. फुललं का, असं त्यांनी विचारलं आणि हा बेधडक हो म्हणाला. मग वास कसा येतो, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. तो वास साडूला स्वतःलाच कधी मिळाला नव्हता.

"आपल्या न्हाणीमागच्या अनंतासारखा," तो म्हणाला. "पण त्याच्यापेक्षा थोडा कमीच."