चिठ्ठीवर दुसरं नाव

अपमान झाला तो माझ्या वडिलांचा. पावसाळा सरल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकराला, रत्नागिरीत, आपल्या बॅप्टिस्ट मंडळीच्या देवळाच्या पुढच्या दारात. तुमच्यासमोर.

आपल्याकडे रीत आहे. उपदेश करणारा माणूस शेवटचा आशीर्वाद झाला की सगळ्यांच्या आधी दाराशी जातो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवतो. "सलाम." "सलाम, उपदेश छान झाला." एका रविवारच्या पाहुण्यालासुद्धा हा मान मिळतो. मुख्य पाळकाच्या जागेसाठी उमेदवार म्हणून उभा असेल तर विचारूच नका. हात मिळवता मिळवता लोक त्याला बघून घेतात. दुकानात कापड बोटांत धरून बघावं तसं.

पप्पा दाराशी जाऊन उभे राहिले. मागच्या बाकांवरची माणसं आली. मिरजोळ्याहून येणारी, स्टँडवरचे दोन रिक्षावाले, सिव्हिलमधल्या सिस्टर. त्यांनी हात मिळवले. मग पुढची चार बाकं उठली आणि उलटी वळली. व्यासपीठाच्या बाजूला पाळकांच्या खोलीचं दार आहे. त्या दारातून खोलीत, खोलीतून मागच्या अंगणात, अंगणातून गाड्यांत. सगळी. म्हातारे, सुना, जावई. एका आजींचे गुडघे गेलेत. त्यांना मागच्या उंच पायऱ्या उतरवत नव्हत्या, तर दोघांनी बखोटीला धरून उतरवलं. पुढच्या दाराला सिमेंटचा उतार आहे. त्यांच्याच चाकांच्या खुर्चीसाठी बांधलेला.

एवढी मेहनत. एक हात टाळायला.

देऊळ रिकामं झालं तरी पप्पा हात जरासा पुढे करून उभे होते. मग त्यांनी तो गीतांची पुस्तकं गोळा करायला लावला.

मी आतून बघत होते. चोवीस वर्षांची घोडी, मिरजोळ्याच्या कंपन्यांतल्या कंत्राटी बायकांसाठी पत्रकं लिहिते, साहेबांना तोंडावर बोलते. त्या दिवशी मी काय केलं? पप्पांच्या हातातली निम्मी पुस्तकं घेतली आणि कपाटात लावली. नीट. क्रमाने. हे मी लपवणार नाही.

आता मागचं सांगते.

आपले जुने पाळकसाहेब निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले, त्याला दीड वर्ष झालं. जागा भरायला निवड समिती बसली. सात माणसं, सातही पुढच्या चार बाकांवरची. अध्यक्ष भाऊसाहेब, मंडळीचे सेक्रेटरी. त्यांनी जाहिरात काढली. उमेदवार उच्चशिक्षित असावा. इंग्रजी उपासना घेता यावी. गाडी चालवता यावी. पाळकीणबाईंना वाद्य वाजवता येत असल्यास प्राधान्य. मी दोनदा वाचली. दुखणाईताच्या घरी जाता यावं, असं कुठे नव्हतं. मेलेल्याच्या घरी रात्र काढता यावी, असंही नव्हतं.

दीड वर्ष ही जाहिरात फिरत होती आणि दीड वर्ष देऊळ चालवलं माझ्या वडिलांनी. ते मिरजोळ्याच्या वस्तीतले सुवार्तिक. तीन वर्षं बायबल स्कूल केलेले. आठवडाभर कंपनीत फिटर, रविवारी उपदेशक. पहिली पाळी संपवून तेलकट हातांनी दवाखान्यात जाऊन प्रार्थना करायचे. त्यांना पाळकसाहेब कुणी म्हणालं नाही. "ब्रदर." ब्रदर, जरा खुर्च्या लावता? ब्रदर, माइकचं बघा. पुण्याहून एक उमेदवार आला तो मात्र गाडीतून उतरतानाच "रेव्हरंड साहेब". त्याने पडद्यावर चित्रं दाखवून नम्रतेवर उपदेश केला. दुपारी भाऊसाहेबांकडे सुरमई. आमच्या आईने तिथे जाऊन वाटण वाटलं, म्हणून मला माहीत.

पप्पांच्या उमेदवारीच्या रविवारी जेवण कुणाकडे होतं? कुणाकडेच नाही. पाळकांच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशवीत बिर्याणीची चार पार्सलं ठेवलेली. वर चिठ्ठीसुद्धा नाही.

आणि त्याच दुपारी, देवळामागच्या स्वयंपाकखोलीत मी चहाचे कप विसळत होते, तेव्हा बाहेरच्या ओट्यावर दोघीजणी बोलत होत्या. दोघींना मी मावशी म्हणते.

"उपदेश बरा करतो हो. रडू आलं मला."

"मलाही. पण पुढच्या मेमध्ये आमच्या सोनूचं लग्न. पत्रिकेवर लग्न लावणाऱ्याचं नाव छापावं लागतं. आडनावासकट."

"अगं बाई."

"व्याही मुंबईचे. वाचल्यावर काय म्हणतील?"

"नुसतं 'ब्रदर' छापायचं."

दोघी हसल्या. मला हसू ऐकू आलं ते वाईट नव्हतं, हेच वाईट. अगदी घरगुती हसणं. मिठाच्या बरणीचं झाकण कुठे ठेवलं, अशा गोष्टीवर हसावं तसं.

तर गोष्ट ही होती. इंग्रजी नव्हे, गाडी नव्हे, हार्मोनियम नव्हे. आम्ही मूळचे लांज्याकडच्या एका गावच्या महारवाड्यातले. आमची निम्मी भावकी बौद्ध झाली, आम्ही ख्रिस्ती. पुढच्या चार बाकांवरच्या लोकांचे पणजोबा म्हणे ब्राह्मण होते, कुणाचे मराठा. चार पिढ्या एकाच ताटातली भाकर मोडून प्रभुभोजन घेतात, आणि पणजोबांचं जानवं अजून शर्टाच्या आत चाचपतात. धर्म बदलला. बाकं बदलली नाहीत. लहानपणी देवळातल्या ख्रिसमसच्या नाटकात नऊ वर्षं मी मेंढरू होते. मरिया व्हायला पुढच्या बाकावर बसावं लागतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी समितीने पप्पांची मुलाखत घेतली. घरी आल्यावर आईने विचारलं, काय विचारलंनी? पप्पा म्हणाले, शास्त्रातलं काहीच नाही. भाऊसाहेबांचा पहिला प्रश्न असा होता: "मूळचे तुम्ही कुठल्या वाडीतले?"

गाव नव्हे. वाडी. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"खरं ते सांगितलं. देवाच्या सेवेची मुलाखत होती ना गो."

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभासदांची सभा भरली. भाऊसाहेबांनी अहवाल वाचला. समितीने सर्व बाजूंनी प्रार्थनापूर्वक विचार करून पुण्याच्या रेव्हरंडांचं एकच नाव मंडळीपुढे मतदानाला ठेवायचं ठरवलं आहे. पसंत किंवा नापसंत, चिठ्ठीवर खूण करा. आणि पप्पांविषयी एक वाक्य: "ब्रदरांच्या सेवेबद्दल आभार, परंतु ते दीक्षित पाळक नसल्यामुळे त्यांच्या नावाचा विचार करता आला नाही."

दीक्षित नाहीत. बघा कसा सोवळा शब्द काढला.

आपल्या मंडळीत पाळकाला दीक्षा कोण देतं? वरून कुठला बिशप येतो का? आपल्यात बिशप नसतोच. मंडळीच निवडते, मंडळीच हात ठेवून दीक्षा देते. निवडलं की देता येते. निवडायचं नाही म्हणून द्यायची नाही, आणि दिली नाही म्हणून निवडायचं नाही. कुंपणाची दोन्ही टोकं यांच्याच हातात.

मी उभी राहिले.

भाऊसाहेब म्हणाले, "उमेदवाराच्या कुटुंबाने मतदानाच्या वेळी बाहेर थांबायचं असतं, बेटा. रीत आहे."

"पप्पा आता उमेदवार आहेत?"

"तांत्रिकदृष्ट्या नाहीत."

"मग मी कुणाच्या कुटुंबातली म्हणून बाहेर जाऊ?"

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्यात हसलं. पप्पा माझी ओढणी खेचत होते. "बस गो. बस."

मी बसले नाही. मी एकच प्रश्न विचारला.

आपण तान्ह्या मुलाच्या डोक्यावर शिंपडलेलं पाणी मानत नाही. जाणत्या वयात माणूस पूर्ण पाण्याखाली गेला पाहिजे. त्याशिवाय सभासदत्व नाही, मत नाही. भाऊसाहेबांची सून, आपली एस्तेर वहिनी, दुसऱ्या मिशनमधून आलेली. तिथे तान्हेपणी शिंपडलेली. म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिला इथे बाप्तिस्मा घ्यावा लागला. देवळातला हौद फुटलेला, म्हणून सगळे आरे-वाऱ्याच्या समुद्रावर गेलो. ओहोटी बघून, उथळ पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात कोण उभं होतं? माझे वडील. एका हाताने त्यांनी वहिनीच्या नाकावर रुमाल धरला, दुसरा हात पाठीखाली घातला आणि तिला मागे झुकवून पाण्याखाली नेलं, वर काढलं. भाऊसाहेब वाळूवरून मोबाइलने फोटो काढत होते. अशी एकूण नऊ माणसं. नऊही आज सभासद. नऊही आज या सभेत मत द्यायला बसलेली.

"भाऊसाहेब," मी म्हणाले, "पप्पा पाळक व्हायला चालत नसतील, तर हे नऊ बाप्तिस्मे चालले कसे? आणि हे चालले असतील, तर पप्पा का चालत नाहीत? दोन्हीपैकी एक सांगा. नऊ जणांची मतं काढून घ्या, नाही तर चिठ्ठीवर दुसरं नाव लिहा."

हा घोळ समितीच्या डोक्यातच आला नव्हता. दीड वर्ष फुकटचा माणूस वापरताना तो कशाकशाला वापरतोय याचा हिशेब ठेवायला विसरले होते. खुर्च्या लावायला, माइक बघायला आणि यांच्या सुनांना देवाच्या घरात घ्यायला.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. आणि म्हणाले:

"बाप्तिस्मा प्रभूचा असतो. ब्रदर फक्त हात होते."

फक्त हात.

मी पप्पांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसलेले. दोन्ही हात मांडीवर. त्या क्षणी माझ्यातलं नऊ वर्षांचं मेंढरू मेलं. तोवर मला वाटत होतं की हे लोक चुकतायत, कुणी समजावलं तर कळेल. नाही. त्यांना सगळं कळतं. ते हातापुरताच माणूस घेतात आणि बाकीचा दाराबाहेर ठेवतात. पिढ्यान् पिढ्या हेच केलं. पूर्वी शेतात, आता देवळात.

"माझ्या वडिलांना डोकं आहे, तोंड आहे आणि नाव आहे," मी म्हणाले. "ते चिठ्ठीवर येईपर्यंत मी इथून हलणार नाही. उचलून न्यायचं तर न्या. पण त्यासाठी तुम्हाला मला हात लावावा लागेल."

कुणी लावला नाही.

भाऊसाहेब म्हणाले, आपण प्रार्थना करू या. या लोकांची ही सवय बघून ठेवा. उत्तर नसलं की डोळे मिटायला सांगतात. प्रार्थना झाली, मतदान दोन आठवडे पुढे ढकललं. चिठ्ठीवर मात्र अजून एकच नाव आहे.

फाटकाशी एस्तेर वहिनीने मला गाठलं. इकडे तिकडे बघून कानाशी म्हणाली, "तुझं बरोबर होतं गो. शंभर टक्के. पण मला त्या घरात राहायचंय."

मला तिचा राग आला नाही. किळस आली. आणि हे तिला एकटीला नाही, तुम्हाला सगळ्यांना सांगतेय. या आठवड्यात मी अकरा घरी गेले. अकरा घरी चहा झाला. सगळे म्हणाले, तुझं बरोबर. एक काका तर म्हणाले, "तुझ्या वडिलांएवढा पवित्र माणूस मी बघितला नाही, पण वाद नको." सज्जन लोकांच्या या कानातल्या होकाराचं काय करू मी? लोणचं घालू?

पप्पाही म्हणतात, सोड, मंडळी फुटेल. मी त्यांना म्हणाले, तुम्ही क्षमा करा, तो तुमचा अधिकार आहे. मी सभासद आहे, माझा अधिकार वेगळा आहे. मी वडिलांसाठी पद मागत नाही. नाव मागतेय, चिठ्ठीवर, पुण्याच्या साहेबांच्या नावाखाली चालेल. तुम्हाला ते नको असेल तर त्यापुढे नापसंत लिहा. पण ते नाव वाचून लिहा, आडनावासकट.

आणि नाव आलं नाही, तर मी देऊळ सोडून जाणार नाही. तशी सोय मी कुणाची करणार नाही. प्रत्येक सभेत उभी राहीन, हाच प्रश्न विचारीन, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेईन.

आपल्या मंडळीच्या घटनेत लिहिलंय: वीस सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला दुसरं नाव मतदानाला ठेवावंच लागतं. भाऊसाहेबांना विचारायची गरज नाही. सात सह्या झाल्यात. सातही मागच्या बाकांवरच्या. अजून तेरा हव्यात. मतदान येत्या रविवारी आहे.

हा कागद उलटा करा. मागे तुमच्या नावाची, सभासद क्रमांकाची आणि सहीची जागा सोडली आहे. माझ्या कानात काही सांगू नका. पेन घ्या आणि सही करा.