राबाचा धूर

भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडं राब भाजतात. ऐनाच्या फांद्या, शेण, पाला वाफ्यात पसरायचा आणि उन्हाळ्यात पेटवायचा. फांद्या तोडायला मी झाडावर चढलो की बायको खालून ओरडायची, शेंडा ठेवा. शेंडा गेला की झाड गेलं. माझा तिला भरवसा नव्हता. तिच्या ओरडण्यानंच बांधावरचे ऐन एवढे वाढले.

ती गेली, त्यानंतर मला काही करावंसं वाटेना. शेजारी बोलून दमले. यंदा मी झाडाला कोयता लावलाच नाही.

बांधापलीकडची जागा पुण्याच्या कुणीतरी घेतलीय. तिथं आधी गुरं चरायची. आता तारेचं कुंपण, गुरांना बंदी, आणि गवत कमरेएवढं वाळून उभं. एकदा त्यात तंबू ठोकून सहलीची पोरं रात्रभर राहिली आणि शेकोटी न विझवता सकाळी गेली.

त्याच सकाळी मी गोळ्या आणायला पवनानगरला गेलतो. येताना जीपमधून धूर दिसला. कुणाचा तरी राब असंल म्हणून मी मान फिरवली. त्या दिवसांत आमच्याकडं धुराला कोणी भीत नाही.

शेतावर पोचलो तवा विस्तव डोंगर चढून गेला होता. ऐन तसा साध्या वणव्याला दाद देत नाही, साल जाड असते. पण एवढं गवत बुंध्याशी जळलं, वर वारा. शेंड्यापर्यंत काळे झाले. ओलं पोतं घेऊन एकटाच झोडपत बसलो.

शेजारच्या शेतातली सून भेटली. कोणी आलं कसं नाही, विचारलं.

"आबा, धूर सकाळधरनं दिसत व्हता. आमाला वाटलं, तुमी राब लावला. घरात समद्यांना बरं वाटलं, आबा कामाला लागलं म्हणून."

जीपमध्ये बसून मी पण तेच समजलो होतो.

पाऊस सुरू झाल्यावर पालवीची वाट बघितली. फुटली नाही. एकेका झाडाची साल कोयत्यानं खरवडून बघितली, आत पार कोरडं. वरच्या उघड्या डोंगराची माती धुऊन वाफ्यात येऊन बसली, रोप टाकायला जागा राहिली नाही.

मुलगा वराळ्याला असतो. तो म्हणाला, आता तरी चला, हितं काय राह्यलंय.

म्हणालो, "चुलीला लाकूड लय झालंय. ते संपलं की येतो."