चाकाखालची लिंबं

त्या लाल गाडीची केस मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर मन वारंवार जातं ते या साध्या चोरीकडे.

मी मंठाळच्या शाळेत शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. वर्दी मिळाली ती शिक्षकांमुळे आणि वडिलांच्या कष्टामुळे, हे मी कायम लक्षात ठेवलं. त्या वेळी मी कर्नाटकात, बसवकल्याण भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक वयस्कर व्यापारी ठाण्यात आले. तुरीचा मोठा व्यापार, सत्तरी उलटलेली, हातात काठी. तरुणपणापासून त्यांना स्पोर्ट्स कारचा नाद. आयुष्यात चार गाड्या घेतल्या, त्यातली शेवटची उरली होती. दोन माणसं बसतील एवढी, छत उघडणारी, लाल विलायती गाडी. दरवर्षी दसऱ्यानंतर कलबुर्गीला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ते ती मांडत. भिंतभर ढाली मिळवल्या होत्या. आदल्या दिवशी घरचे सगळे भालकीला लग्नाला गेले होते. सकाळी परतले तर शेड रिकामी.

“साहेब, आठ दिवसांवर प्रदर्शन आलंय,” ते म्हणाले. “ह्या वर्षीचं शेवटचं. पोरानं गाडी हैदराबादच्या माणसाला द्यायचं ठरवलंय. माझे गुडघे वाकत न्हाईत, मला तीत बसताच येत न्हाई. पण एकदा मांडून तरी बघू द्या मला.”

फिर्याद कन्नडमध्ये लिहून घेतली आणि घटनास्थळी गेलो. कुलूप तुटलेलं नव्हतं. शेडची आणि गाडीची दुसरी किल्ली देवघरात असते, हे घरच्यांनाच ठाऊक. पण मालक म्हणाले, “घरच्या माणसांवर संशय घेऊ नका.” आणि मी ऐकलं. आमच्या भागात चोरीची गाडी तासाभरात महाराष्ट्रात शिरते, या सवयीने मी उमरगा आणि सोलापूरच्या रस्त्यावर निरोप धाडले. ही माझी चूक होती.

पंचनामा करताना आमचा हेड कॉन्स्टेबल खाली वाकला. जमिनीवर चार जागी चिरडलेली लिंबं होती.

“साहेब, हा चोर हाय का पुजारी?” तो हसून म्हणाला.

मला हसू आलं नाही. दसऱ्याच्या पूजेला किंवा नवी गाडी पहिल्यांदा बाहेर काढताना चाकाखाली लिंबं ठेवतात, हे आमच्याकडे सगळेच करतात. पण घाईत असलेला चोर चार लिंबं मांडत बसेल? ज्याला ती गाडी सुखरूप जावी असं वाटतं, तोच हे करील.

मी मालकांना विचारलं, “तुम्ही दसऱ्याला लिंबं ठेवली होती का?”

“छे! रस टायरला लागतो. मी ठेवूच देत न्हाई. आमचा मिस्त्री दरवर्षी मागं लागतो, अप्पा, लिंबू तरी...” आणि ते थांबले.

हा मिस्त्री अठ्ठावीस वर्षं त्या गाड्यांची देखभाल करत होता, घरात देवघरापर्यंत त्याचा वावर होता. “लेकीकडं जायलोय” असं सांगून दोन दिवसांची सुट्टी घेऊन गेला होता. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, “बाबा आले न्हाईत की.”

दुपारी कमलनगरच्या एका जीपवाल्याचा फोन आला. जवळच्या खेड्यात शाळेसमोर लाल उघडी गाडी उभी आहे, सगळं गाव लोटलंय. ते मिस्त्रीचंच गाव. मालकांना जीपमध्ये घेऊन आम्ही निघालो.

शाळेच्या पटांगणात गाडी उभी होती. बॉनेटवर हळदकुंकू. बाजूला बाजेवर एक म्हातारी टेकून बसलेली, मिस्त्रीची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. आता तिला चालता येत नव्हतं.

मिस्त्री पळाला नाही. समोर येऊन त्याने किल्ली पुढे केली. “अप्पा, एक ओरखडा पडू दिलो न्हाई. सांजच्याला आणून लावणारच होतो.”

“मला विचारलास कामून न्हाई रे?” मालकांचा आवाज फाटला.

“अठ्ठावीस वर्षं विचारायलोच की. अक्काला एकदा दाखवतो म्हणलो, तुम्ही म्हणलाव, पुढच्या वर्षी बघू. आता गाडी हैदराबादला जायलीय. मग पुढचं वर्ष कुठलं, अप्पा?”

म्हातारीने बाजेवरून विचारलं, “हेच का रे तुझे मालक? उभे कामून? बसा की, बाबा.”

मी गर्दीतल्या चारपाच जणांना वेगवेगळं गाठून एकच विचारलं, ही गाडी कुणाची म्हणून सांगितलं? सगळ्यांचं उत्तर एकच: बसवकल्याणच्या अप्पाची. सकाळपासून जो येईल त्याला तो हेच सांगत होता. पोलिसाला अशी गोष्ट फार सांगून जाते. चोर माल लपवतो, नाहीतर आपला म्हणतो. हा दुसऱ्याच्या नावानं मिरवत होता.

मालकांनी तिथेच फिर्याद मागे घेण्याची तयारी दाखवली. पुढे मी बी रिपोर्ट, म्हणजे खटला चालवण्याजोगं काही नाही असा अहवाल, कोर्टात पाठवून केस बंद केली.

परतताना मिस्त्रीने मालकांना दोन्ही काखांत धरून हळूच डाव्या आसनावर बसवलं. पाय उचलून आत ठेवले. “बसता येत न्हाई म्हणून कुणी सांगितलं?” तो म्हणाला. “मला हाक मारली असती तर झालं असतं.” तो स्वतः चालवायला बसला आणि आम्ही जीप त्यांच्या मागे ठेवली. भालकीपर्यंत दोन पांढरी डोकी दिसत होती, आणि दोघं काही बोलत असावेत, कारण मालकांचा हात सारखा वर उठत होता.

प्रदर्शन झालं. ठरल्याप्रमाणे गाडी ट्रकवर चढून हैदराबादला गेली. दोर मिस्त्रीनेच बांधले.

या केसने मला शिकवलं की, काय गेलं एवढंच विचारून भागत नाही. ते कुणाला किती दिवसांपासून हवं होतं, तेही विचारावं. त्या माणसाचं अठ्ठावीस वर्षांचं मागणं कुठल्या कागदावर लिहावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

परवा बसस्टँडजवळ मिस्त्री भेटला. अक्का गेली, असं म्हणाला. अप्पा रोज संध्याकाळी रिकाम्या शेडसमोर खुर्ची टाकून बसतात आणि हा त्यांच्याजवळ जाऊन बसतो. मी विचारलं, काय बोलता?

“काही न्हाई, साहेब. बसतो नुसतं. मग अप्पा म्हणतात, मिस्त्री, ती चालू व्हायची तवा कसा आवाज यायचा रे? मग मी तोंडानं काढून दाखवतो.”