बांधावरची पिवळी मुंगी

हळदीच्या ढिगावर हात ठेवून सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक माणूस सोडून. तो कोण, ते शेवटी.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. आमच्या हट्टा गावच्या शेतात हळद शिजवून, वाळवून झाली होती आणि भाड्यानं आणलेला रहीमभाईंचा, हळकुंडं घासून पॉलिश करायचा ड्रम दिवसभर घुमत होता. तेव्हाच एका मासिकात वाचलं : बाहेरदेशातून एक पिवळी मुंगी आली आहे. ओळीनं चालत नाही, वेड्यासारखी पळते आणि शिरेल तिथल्या आपल्या मुंग्यांना हुसकून लावते.

मासिक मिटलं, बांधाकडं पाहिलं. मुंग्या पिवळ्या. आणि सैरावैरा!

आता माझी अडचण समजून घ्या. गावात माझ्या शब्दाला भाव काय? आमच्या बैलाला साप चावला, तेव्हाही लोक चहा संपवून, पान लावून आले. म्हणून ठरवलं, ही मुंगी सिद्ध करायचीच. एकदा तरी गावानं म्हटलं पाहिजे, हा खरं बोलला.

मग काय, बांधावर, ड्रमाशेजारीच पालथा पडलो. गुळाचा खडा ठेवायचा, भिंग धरायचं आणि मुंगी पळेल तिकडं रांगायचं. जेवण तिथंच, डुलकी तिथंच. बायको डबा घेऊन आली की विचारायची, "काहून असे पडून राहिले?" मी म्हणायचो, देशाचं काम आहे. रहीमभाईंनी तर ड्रम थांबवून दवाखान्यात न्यायची तयारी दाखवली. मी हटलो नाही.

शेवटी परभणीहून किड्यांचे मोठे सर बोलावले. सारं गाव बांधावर. सरांनी एक मुंगी उचलली, वाटीतल्या पाण्यात सोडली, काडीनं बाहेर काढली.

पाणी पिवळं. मुंगी काळी.

"ही आपल्या घरचीच हाय," सर म्हणाले. "ड्रमाची हळद बसली तिच्यावर. घरात मुंग्या झाल्या की आपण हळदच टाकतो न्हाई का? मग ती बिचारी ओळीत काहून चालंल?"

मी मान खाली घातली. सदरा पिवळा, हात पिवळे, मिशी पिवळी.

रहीमभाई म्हणाले, "भाऊ, पिवळं होऊन येड्यावानी पळणारं एक बराबर सापडलं बघा."

आता तो एक माणूस. परभणीचे सर मी घातले. माझ्या फोनवर कुठले सर येतात? वाटी डब्यातली होती आणि काडी बायकोच्या हातात. सरांकडून हरलो म्हटलं की हरल्यासारखं वाटत नाही. पण गाव तिथं हजर होतं ना, त्यामुळे ही थाप तुमच्यासारख्या बाहेरच्यांनाच सांगावी लागते.