नखाएवढा रिसीव्हर

वायरलेस माऊस लॅपटॉपला जोडण्याचे दोन मार्ग होते, आणि त्यांतला माझा कोणता, हे नवऱ्याने ठरवले होते. माझा लॅपटॉप लिनक्स प्रणालीवर नेला तोही त्यानेच. इथे आखातात, सिलिकॉन ओएसिस या संगणक-कंपन्यांच्या वसाहतीतल्या ऑफिसातले ज्ञान घरी कोणावर तरी उतरवावे लागतेच. एका मार्गात नखाएवढा रिसीव्हर यूएसबीच्या खाचेत खोचायचा. दुसरा ब्लूटूथचा. त्यात काहीच खोचायचे नाही.

"अशी खुंटी ठोकून बसतं का कोणी?" तो म्हणाला. "ब्लूटूथ लाव. एक पोर्ट मोकळं राहतं."

"मला पोर्ट मोकळं नकोय. बाण जागेवर हवाय."

"तुला त्यातलं कळत नाही."

मी पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मुद्रितशोधन करते. दुरुस्त्या थेट फाइलमध्येच. त्या दिवशी एका वृद्ध कवयित्रीचा संग्रह पुण्यातल्या सहापर्यंत, म्हणजे आमच्या साडेचारपर्यंत, छापखान्यात जायचा होता. त्यानंतर राहिलेली चूक कायमची राहणार होती.

हात जरा थांबला की ब्लूटूथवरचा माऊस झोपी जाई. कविता वाचताना हात थांबतोच. ओळ कानात मुरू द्यावी लागते. मग माऊस हलवावा, तर बाण आधी मख्ख, आणि नंतर एकदम उडी. अल नहदा वस्तीतल्या आमच्या खिडकीबाहेर धुळीने पिवळटलेले ऊन उभे होते. एसीचा कोरडा, पत्र्यासारख्या चवीचा वारा मानेवर येत होता.

दीडच्या सुमारास एक कविता मोठ्याने वाचताना तिचा श्वास मध्येच तुटला. हस्तलिखित उघडून पाहिले. एक अख्खी ओळ गायब होती. बाणाच्या उडीने भलतीच ओळ निवडली गेली होती आणि माझ्याच बोटाने ती पुसली होती. अशा आणखी किती? सारा संग्रह पुन्हा पहिल्यापासून वाचणे भाग होते, आणि या माऊसने ते शक्य नव्हते. रिसीव्हरसाठी त्याच्या पोटाचे झाकण उघडले. कप्पा रिकामा.

नवऱ्याला फोन लावला. "रिसीव्हर कुठाय?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये. ऑफिसात."

"का?"

"घरी असता तर तू तोच लावला असतास." तो हसला. "होईल सवय. यल्ला, चल, मीटिंग आहे."

इमारतीखालचे दुकानदार रत्नागिरीकडचे. माऊस उलटापालटा करून म्हणाले, "दुसरा कुठला रिसीव्हर याला नाय चालायचा, ताई."

"मग रिसीव्हरसकट नवाच माऊस द्या."

"साहेब तर कॉम्प्युटरवालेच ना तुमचे?"

"म्हणूनच."

रिसीव्हर खोचला. लिनक्सने काहीही विचारले नाही. बाण ओळीवर ठेवला की ओळीवरच थांबू लागला. आणखी दोन ओळी नाहीशा झालेल्या सापडल्या. त्या जागी बसवल्या. चार वाजून वीस मिनिटांनी फाइल पुण्याला गेली.

संध्याकाळी तो आला, लॅपटॉपकडे पाहून हसला आणि रिसीव्हर उपटायला दोन बोटे पुढे केली.

"बाबा, डोन्ट," सोफ्यावरून लेक म्हणाली.

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या हट्टापायी तीन ओळी गेल्या होत्या."

"तीन ओळींनी काय होतं?"

लग्नाच्या वीस वर्षांत माझ्या कामाविषयी त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी लॅपटॉप उचलून लेकीच्या खोलीत नेला आणि दार लावून पासवर्ड बदलला. तो त्याला अजून ठाऊक नाही.