मीटरवरचा चुंबक

“लिहून टाका ना मॅडम, चुंबक लावून मीटर स्लो केला. काहून एवढा वेळ घालवून राहिल्या?” आमचे साहेब वीज कंपनीच्या टेस्टिंग लॅबच्या दारातूनच म्हणाले.

टेबलावर सानगडीकडच्या गावातून आलेला जुना, चकतीवाला मीटर होता. बाजूला पिशवीत काळा गोल चुंबक. वीजचोरी पकडणाऱ्या स्क्वॉडला तो मीटरच्या लोखंडी पेटीला चिकटलेला सापडला होता. घर वनिताबाईंचं, आणि वनिताबाई गावच्या पोलीस पाटील. चोरीचा रिपोर्ट गेला की पद जाणार हे नक्की.

त्या समोरच बाकावर बसल्या होत्या. “म्या चोरी नाही केली मॅडम. पंचनाम्याले अख्खं गाव जमलं होतं. आता मले पाहून पोट्टे पण हासतेत.”

“चोरी केली नाही, असं सगळेच म्हणतात,” मी म्हटलं. माझं तोंड तेव्हाही तिखटच होतं. पण न तपासता सही करायची नाही, हेही तितकंच पक्कं होतं.

मीटर लावून पाहिला. स्लो होताच. पण चुंबक तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला!

“त्या चुंबकानं आतला चुंबक कमजोर झाला असंल,” साहेब म्हणाले.

“मग मीटर फास्ट पळाला असता, साहेब.”

कारण सांगते. मीटरमधली चकती अल्युमिनियमची. तिला चुंबक चिकटत नाही. पण ती आतल्या चुंबकाच्या फटीतून फिरते, तेव्हा तिच्यात विजेचे छोटे भोवरे उठतात. त्यांना एडी करंट म्हणतात. हे भोवरे चकतीला मागे ओढतात. वेग जास्त, तर ओढही जास्त. स्पर्श नाही, घासणं नाही, तरी ब्रेक. घाट उतरणारे मोठे ट्रक आणि उंचावरून कोसळणारे पाळणेही याच युक्तीने आवरतात. मीटरमध्ये हा ब्रेक नसता तर चकती सुसाट सुटली असती; चुंबक कमजोर झाला तरी ती जोरातच पळणार.

पण या ब्रेकची एक खोड आहे. चकती थांबली की भोवरे नाहीत, म्हणजे ब्रेकही नाही. थांबलेल्या चकतीला तो धरूच शकत नाही.

मी सगळा लोड काढून फक्त एक बल्ब ठेवला. चकती हलेना. मीटरला टिचकी मारली, तशी जराशी सरकली आणि पुन्हा अडकली.

“पाहिलं? हा चुंबकाचा ब्रेक नाही. आत काहीतरी घासतंय.”

“मॅडम, मले आज रिपोर्ट पाहिजे.”

“आजच देते. पण खरा देते.”

वनिताबाईंच्या समोर सील तोडलं. काचेचं रबर एका कोपऱ्यात कुजून गेलं होतं. आत ब्रेकच्या चुंबकाला काळ्या चुऱ्याच्या मिशा फुटल्या होत्या, आणि त्या चकतीला घासत होत्या. लोखंडाचा चुरा!

“हा कुठून आला?”

“अवो, आमच्या ओसरीत ग्राइंडर हाय ना! धान कापाच्या आधी गावातले सारे विळे आमच्याकडंच धारेले येतेत. मीटर त्याच्या वरतीच हाय. चुरा पोरायच्या पायात रुतते, म्हणून तो चुंबक ठेवला. खाली फिरवला की चुरा उचलते.”

“मग मीटरला का चिकटवला?”

“मातीच्या भिंतीले कसा चिकटंल, मॅडम?”

मला हसूच आलं. पिशवीतला चुंबक काढला. त्यालाही तसाच चुरा लागलेला.

मी रिपोर्ट लिहिला : मीटर नादुरुस्त, छेडछाड नाही. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. वनिताबाई मात्र उठेनात.

“साहेब, पंचनामा गावासमोर केला नं? मंग हा कागद पण गावासमोरच वाचा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. दुसऱ्या दिवशी ते जीपने गेले आणि चावडीसमोर उभं राहून त्यांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला. नवा मीटर दुसऱ्या भिंतीवर लागला. वनिताबाई पाटीलच राहिल्या.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत कुठल्याही मीटरवर चुंबक दिसला की मी आधी विचारायचे, हा इथे कशाला ठेवलाय? बहुतेक वेळा चोरीच निघायची. तरी मी विचारायचे.